शेळ्या वाढल्या; वाण उरणार काय?

पशुगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले की प्रथम वाढ किती झाली हे पाहिले जाते आणि वाढ दिसली की समाधान मानले जाते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेने शेळ्यांच्या बाबतीत असे समाधान भरपूर दिले. २०१२ साली देशात सुमारे साडेतेरा कोटी शेळ्या होत्या. सात वर्षांत त्या १४ कोटी ८९ लाखांच्या घरात गेल्या. महाराष्ट्रातील वाढ तर देशाच्या सरासरीहून कितीतरी अधिक आहे. ८४ लाखांवरून राज्यातील शेळ्या १ कोटी ६ लाखांवर पोहोचल्या, म्हणजे पंचवीस टक्क्यांची भर पडली. गोठ्यातील देशी गायी-बैल कमी होत असताना अल्पभूधारक, भूमिहीन मजूर आणि विशेषतः ग्रामीण स्त्रिया शेळीच्या आधाराने उभ्या राहत आहेत, ही गोष्ट नक्कीच स्वागतार्ह आहे. परंतु डोकी मोजणे वेगळे आणि वाण मोजणे वेगळे. शेळ्यांची संख्या वाढत असतानाच शेळीची एखादी जात नाहीशी होऊ शकते. किंबहुना ज्या कारणांनी संख्या वाढते त्याच कारणांनी जात नष्ट होण्याचा संभव असतो. दुधाळ शेळ्यांच्या बाबतीत आज नेमके हेच घडत आहे आणि त्याकडे सरकारचे, सहकारी चळवळीचे व सुशिक्षित समाजाचे म्हणावे तसे लक्ष गेलेले नाही.

१९८४ साली स्थापन झालेल्या आणि कर्नाल येथे कार्यरत असलेल्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्थेने देशातील शेळ्यांच्या सुमारे चाळीस जातींना मान्यता दिली आहे. त्यांत महाराष्ट्राच्या चार आहेत. मराठवाड्यातील काळीभोर उस्मानाबादी, अहिल्यानगर, नाशिक व पुणे या जिल्ह्यांतील संगमनेरी, विदर्भातील बेरारी आणि दक्षिण कोकणातील कोकण कन्याळ. मात्र देशातील शेळ्यांपैकी निम्म्याहून अधिक यांपैकी कोणत्याच जातीच्या नाहीत. त्यांची नोंद ‘गावठी’ या एका ऐसपैस शब्दाखाली होते. या शब्दात कित्येक अनोळखी स्थानिक वाण दडलेले असतील आणि मान्य जातींचे विस्कटलेले अवशेषही असतील. त्यांचा निवाडा करण्याची सवड कोणाला झालेली नाही.

जात म्हणजे काय?

जात हा केवळ रंगाचा आणि कानाच्या लांबीचा प्रश्न असता तर तिच्या जतनाची चिंता हौशी लोकांवर सोडून देता आली असती. वस्तुतः जात म्हणजे एका टापूतील हवा, पाणी, चारा आणि माणसांच्या गरजा यांनी शेकडो पिढ्यांत केलेल्या निवडीचा साठा होय. संगमनेरी शेळीचे उदाहरण घ्यावे. ही शेळी बहुधा पांढरी असते. काळ्या व तांबूस ठिपक्यांच्याही आढळतात. दिवसाला अर्धा ते एक लिटर दूध देणारी, जुळ्या करडांची खोड असलेली आणि सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील कोरड्या माळावर बाभळीच्या शेंगा व बोरी-बाभळीचा पाला खाऊन टिकणारी ही जात आहे. युरोपातील सानेन शेळीच्या तुलनेत हे दूध थोडे वाटेल. परंतु सानेन शेळीला जे खाद्य, जी सावली आणि जी औषधे लागतात त्यांचा हिशेब मांडला तर माळावरच्या त्या लिटरभर दुधाची किंमत कळून येते.

आनुवंशिक वैविध्याची आणखी एक बाजू आहे. शेळ्यांमधील जनुकीय फरकांचा मोठा भाग जातीजातींमध्ये नसून एकाच जातीतील निरनिराळ्या जनावरांमध्ये विखुरलेला असतो. त्यामुळे प्रत्येक जातीची पाच-पन्नास देखणी जनावरे एखाद्या सरकारी क्षेत्रावर बांधून ठेवली की जात वाचली, ही समजूत चुकीची आहे. हे वैविध्य किती उपयोगी पडते याचा एक दाखला दुधातील केसीन या मुख्य प्रथिनाचा आहे. चीज बनविताना दुधाचा उतारा या प्रथिनावर अवलंबून असतो. फ्रान्समध्ये अल्पाइन व सानेन या नामांकित जातींत कमी केसीन देणारे जनुकप्रकार बऱ्याच प्रमाणात असल्याचे आढळले आणि ते मागे सारण्यासाठी तेथे बोकडांची जनुकीय तपासणी करून निवड करावी लागली. भारतीय शेळ्यांच्या तपासणीत मात्र अधिक केसीन देणारे प्रकार ठळकपणे दिसून आले. जे मिळविण्यासाठी युरोपला वर्षानुवर्षे परिश्रम करावे लागले ते आपल्या माळावर आधीच होते. आपल्याला त्याचा पत्ता नव्हता एवढेच. उद्या एखादा नवा रोग आला, उन्हाळे आणखी कडक झाले, तर त्या वेळी कोणता गुण कामी येईल हे आज कोणीही सांगू शकत नाही. म्हणूनच साठा शाबूत ठेवणे हे शहाणपणाचे ठरते.

बोकडाचा हिशेब

हा साठा कमी कसा होतो, हे समजण्यासाठी शेळीकडे पाहून भागत नाही. बोकडाकडे पाहावे लागते. पशुपालकाच्या घरी जन्मलेल्या नरांपैकी जो सर्वांत झपाट्याने वाढतो, ज्याची आई सर्वांत दुधाळ असल्यामुळे ज्याला पोटभर दूध मिळाले, तोच बाजारात आधी जातो. सणावाराला, यात्रेला, बकरी ईदला किंवा घरातील आजारपणाला पैसा लागला की सहा-आठ महिन्यांचा हा धष्टपुष्ट बोकड विकला जातो आणि मागे राहिलेला किरकोळ नर कळपाचा पिता होतो. शास्त्रीय निवडीत उत्तमाला राखून उरलेल्यांना वगळतात. येथे नेमकी उलटी निवड चालते, आणि ती कोणाच्या अज्ञानामुळे नव्हे तर दारिद्र्यामुळे चालते. उत्तम बोकड दोन-तीन वर्षे पोसून त्याचा लाभ साऱ्या गावाला द्यायचा आणि तोटा मात्र एकट्याने सोसायचा, हे भूमिहीन मजुराकडून कोणत्या न्यायाने अपेक्षावे?

दुसरा हिशेब संख्येचा आहे. शंभर शेळ्या आणि दोन बोकड असा कळप कागदावर एकशे दोन जनावरांचा दिसतो. पण पुढच्या पिढीतील निम्मे रक्त त्या दोन नरांकडून येणार असल्यामुळे अनुवंशशास्त्राच्या गणिताने तो अवघ्या आठ जनावरांच्या तोलाचा ठरतो. त्याच शंभर शेळ्यांना परस्परांशी नाते नसलेले दहा बोकड दिले तर हा आकडा छत्तिसांवर जातो. निकट प्रजननाची वाढ दर पिढीला एक टक्क्याच्या आत ठेवायची असेल तर तो किमान पन्नास असावा, असा सर्वमान्य संकेत आहे. या कसोटीवर आपल्या लोकप्रिय वाटप योजना तपासून पाहाव्यात. दहा शेळ्या आणि एक बोकड असा गट लाभार्थ्याला दिला जातो. हे एकक उत्पन्नाच्या दृष्टीने उपयुक्त आहे. परंतु वरच्या गणिताने ते चार जनावरांच्याही तोलाचे नाही. शेळीचा गर्भकाळ पाच महिन्यांचा. पहिल्या वेताच्या पाठी वर्षाच्या आत माजावर येतात, म्हणजे दीड वर्षाच्या सुमारास त्या बोकडासमोर त्याच्याच मुली उभ्या राहतात. बोकड बदलून देण्याची तरतूद नसेल तर अनुदानाच्या पैशाने निकट प्रजनन घडते. करडांची मरतूक, घटलेले वजन आणि आटलेले दूध या रूपांनी त्याचा दंड लाभार्थी भरतो आणि दोष मात्र ‘देशी’ शेळीच्या माथी येतो.

संकराचा मोह

देशी शेळी निकृष्ट ठरविली गेली की सुधारणेचा सोपा मार्ग म्हणून बाहेरचा बोकड पुढे येतो. या मार्गाचा इतिहास जुना आहे. १९७१ साली शेळी सुधारणेचा अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प सुरू झाला तेव्हा संकर हेच प्रगतीचे साधन मानले जात होते. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत पंजाबच्या बीटल शेळीचा अल्पाइन व सानेनशी संकर करण्यात आला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात संगमनेरी शेळीचा अंगोरा बोकडाशी संकर करून मोहेर हा किमती तंतू मिळविण्याचा प्रयत्न झाला. संशोधन म्हणून या प्रयोगांना मोल होते. त्यांतून ज्ञान मिळाले. परंतु जे दूध व जो तंतू संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली मिळाला तो खेड्यातील गोठ्यात रुजला नाही. पुढे या प्रकल्पाचा रोख बदलला आणि स्थानिक जातींचीच त्यांच्या मूळ टापूत निवड पद्धतीने सुधारणा करण्यावर भर आला. राहुरी येथे संगमनेरीवर आणि फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत उस्मानाबादीवर या दिशेने काम झाले. मथुरेजवळ मखदूम येथे १९७९ साली स्थापन झालेली केंद्रीय शेळी संशोधन संस्थाही याच विचाराकडे वळली.

शास्त्रज्ञ जे शिकले ते बाजाराने मात्र शिकलेले नाही. राजस्थानची सिरोही, पंजाबची बीटल, दक्षिण आफ्रिकेची बोअर यांचे बोकड आज महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत फिरत आहेत. त्यांच्या संततीचे वजन लवकर भरते आणि मटणाच्या भावाने विकणाऱ्याला तेवढेच हवे असते. बंदिस्त पद्धतीने, विकतचा चारा घालून मांसोत्पादन करणाऱ्याने असा संकर करावा. त्याला दोष देण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच आहे की मूळ टापूतही हाच संकर बेधडक चालू राहिला तर संकरासाठी लागणारी शुद्ध माता पुढे आणायची कोठून? भांडवल खाऊन व्याजावर जगल्याचा आव आणण्यासारखाच हा प्रकार आहे.

जमनापारी शेळीची कहाणी या दृष्टीने बोलकी आहे. यमुना आणि चंबळ या नद्यांच्या दरम्यान, उत्तर प्रदेशातील इटावा जिल्ह्याच्या चकरनगर भागात ही उंचीपुरी, लांब कानांची, पोपटाच्या चोचीसारख्या नाकाची दुधाळ शेळी घडली. एकोणिसाव्या शतकात ती इंग्लंडला गेली आणि तेथील अँग्लो-न्युबियन या प्रसिद्ध जातीच्या घडणीत तिच्या रक्ताचा वाटा राहिला. इंडोनेशियात तर तिच्या संकरातून झालेली शेळी आजही ‘इटावा’ याच नावाने ओळखली जाते. जगभर कीर्ती झालेल्या या जातीचा शुद्ध कळप तिच्या माहेरी मात्र आक्रसत गेला. बीहडातील झाडोरा कमी झाला, उत्तम जनावरे बाहेरच्या खरेदीदारांनी उचलून नेली आणि मागे मिश्र रक्त उरले. अखेर मखदूमच्या संस्थेला तिचा कळप राखून पैदाशीचे बोकड पुरविण्याचे काम हाती घ्यावे लागले. संगमनेरीला तर परदेशातील कीर्तीचाही आधार नाही. तिच्या टापूतून ती गेली तर ती जगातून गेली, असेच म्हणावे लागेल.

दुधाला भाव नाही

संकरामागे आणि उलट्या निवडीमागे जे मूळ कारण आहे ते अर्थशास्त्रीय आहे. शेळीच्या मांसाला बाजार आहे, दुधाला नाही. देशाच्या एकूण दूध उत्पादनात शेळीच्या दुधाचा वाटा सुमारे तीन टक्के आहे आणि त्यातील बराचसा भाग घरातच, चहात आणि मुलांच्या तोंडी जातो. गांधीजींनी १९१९ पासून शेळीचे दूध घेण्यास सुरुवात केली, त्यामुळे या दुधाला प्रतिष्ठा लाभली. बाजार लाभला नाही. १९७० साली सुरू झालेल्या दूधमहापुराच्या योजनेने गाय व म्हैस यांच्याभोवती संकलन केंद्रांचे जाळे विणले. त्याने ग्रामीण महाराष्ट्राचे भले झाले यात शंका नाही. परंतु त्या जाळ्यात शेळीच्या दुधाला स्वतंत्र चरवी कधी मिळाली नाही. संगमनेर परिसर सहकारी दूध व्यवसायासाठी राज्यभर नावाजलेला आहे. त्याच परिसराने जिला आपले नाव दिले त्या शेळीचे दूध संकलनाबाहेर असावे, हा विरोधाभास विचार करायला लावणारा आहे. शहरांत डेंग्यूची साथ आली की शेळीच्या दुधाचा भाव अचानक भडकतो. त्या समजुतीला शास्त्राचा आधार नाही, आणि अफवेवर चढलेला भाव साथीबरोबरच उतरतो. अशा भावाने कोणताही व्यवसाय उभा राहत नाही.

जे विकले जात नाही ते मोजले जात नाही. आणि जे मोजले जात नाही त्याची निवडही होत नाही. कोणत्या शेळीने एका वेतात किती दूध दिले याची नोंद नसेल तर तिच्या पोटचा बोकड राखण्यासारखा आहे हे ठरविणार कोण? दुधाळ जात म्हणून जिची ओळख, तिचे दूधच हिशेबाबाहेर राहिले तर काही पिढ्यांत ती केवळ मांसाची शेळी होऊन बसते. नाव तेच, रंगही तोच. गुण मात्र गेलेला.

याला उपाय नाही असे नव्हे. कच्छमधील उंटांवरही अशीच वेळ आली होती. ओझे वाहण्याचे काम गेले आणि मालधाऱ्यांना उंट पाळणे परवडेनासे झाले. तेथे उंटिणीच्या दुधाचे संकलन उभे राहिले. २०१९ च्या जानेवारीत ‘अमूल’ने ते दूध बाजारात आणले. दुधाला ठरलेला भाव मिळू लागला, तसा उंट राखण्याला अर्थ आला. संरक्षणावरील शेकडो भाषणांनी जे झाले नसते ते एका संकलन केंद्राने साधले. शेळीचे दूध उंटिणीच्या दुधापेक्षा अधिक गावांत उपलब्ध आहे. महाराष्ट्रातील सबळ दूध संघांनी मनावर घेतले तर चार-दोन तालुक्यांत असा प्रयोग करणे त्यांना जड नाही.

चराई आणि न्याय

शेळीच्या जतनाचा विचार करताना कुरणांचा प्रश्न टाळता येत नाही. शेळी झाडोरा खाऊन डोंगर उघडे करते, हा तिच्यावरचा जुना आरोप आहे. अतिचराईने माळ उजाड होतात हे खरे. अहिल्यानगर जिल्ह्यातीलच राळेगणसिद्धी व हिवरे बाजार या गावांनी चराईबंदी पाळून डोंगर हिरवे करून दाखविले आणि त्याचा लाभ विहिरींच्या पाण्यात दिसला. या यशाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि पाणी वाढले की त्याचा पहिला लाभ विहीर असलेल्याला मिळतो आणि कुरण बंद झाले की त्याचा पहिला फटका ज्याच्यापाशी शेळीखेरीज काहीच नाही त्याला बसतो. डोंगर राखणाऱ्या गावाने चाऱ्याचा हिस्सा, आळीपाळीची चराई किंवा गायरानाचा एखादा तुकडा शेळीवाल्यांसाठी ठेवला तरच पर्यावरण आणि न्याय यांची सांगड बसेल. शिवाय माळावर चरण्याचा गुण माळावरच टिकतो. चार भिंतींत बांधलेल्या शेळीची दहावी पिढी बाभळीची शेंग शोधीत उन्हात हिंडण्याचा काटकपणा टिकवून धरील, याची खात्री कोणी द्यावी?

काय करावे?

सरकार काहीच करीत नाही असा आरोप करणे अन्यायाचे होईल. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने गावोगाव लोकजैवविविधता नोंदवह्या करण्याची सोय केली. २००७ साली स्वित्झर्लंडमधील इंटरलाकेन येथे पशूंच्या आनुवंशिक संपत्तीसाठी जागतिक कृती आराखडा संमत झाला. त्या वेळच्या जागतिक अहवालाने पाळीव जनावरांच्या वीस टक्क्यांहून अधिक जाती धोक्यात असल्याचा इशारा दिला होता. कर्नालला देशी जातींचे रेत गोठवून ठेवणारी पेढी आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या २०२१ मधील सुधारित स्वरूपात पाचशे शेळ्या व पंचवीस बोकड यांच्या पैदास केंद्राला पन्नास लाख रुपयांपर्यंत अनुदान ठेवले गेले. परंतु पाचशे शेळ्यांचे केंद्र कोण उभारू शकतो? ज्याच्यापाशी जमीन आणि भांडवल आहे तो. संगमनेरी वा उस्मानाबादी यांचे वाण आजवर ज्यांनी राखले त्यांच्यापाशी पाच-दहा शेळ्या असतात. त्यांना वगळून त्यांच्या शेळीचे संरक्षण करू पाहणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणेच होय.

करावयाच्या गोष्टी फारशा खर्चिक नाहीत. मूळ टापूतील निवडक तालुक्यांत दुधाळ मातेच्या पोटचा जातिवंत बोकड राखणाऱ्या पशुपालकाला, तो मटणासाठी विकल्यास जे मिळाले असते त्याहून अधिक मोबदला द्यावा. दर दीड-दोन वर्षांनी गावागावांत बोकडांची अदलाबदल घडवून आणावी आणि वाटप योजनांत ही तरतूद सक्तीची करावी. वाटपाच्या शेळ्या बाजारातून ‘संगमनेरी’ या तोंडी नावावर खरेदी न करता ज्या गावांत दुधाची व वंशाची नोंद ठेवली जाते तेथून घ्याव्यात. असे झाले तर नोंद ठेवण्यालाच भाव येईल. मूळ टापूत बाहेरच्या जातीचे बोकड सरकारी पैशाने देऊ नयेत. दूध संघांनी शेळीच्या दुधासाठी वेगळे संकलन सुरू करावे. दुधाच्या नोंदीचे काम गावातील शिकलेल्या मुला-मुलींना, पशुसखींना मानधन देऊन सोपविता येईल. तराजू, वही आणि नियमितपणा यांखेरीज त्याला काही लागत नाही.

या कामात अडचणी नाहीत असे मानणे भाबडेपणाचे होईल. मोबदल्याच्या योजनेत खोट्या नोंदी होतील, बोकड कागदावर अदलाबदल होतील, दूध संकलनाला प्रारंभी तोटा येईल. परंतु गाईच्या संकराच्या कार्यक्रमात आणि दूध सहकारातही असेच दोष होते. ते दूर करीतच ही कामे उभी राहिली. शेळीच्या वाट्याला तेवढा धीर आजवर आला नाही, कारण तिचा मालक जिल्हा बँकेच्या वा दूध संघाच्या निवडणुकीत उमेदवार नसतो.

२०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत भटक्या पशुपालकांचीही नोंद घेण्याचे ठरले, ही समाधानाची बाब आहे. तिचे आकडे वाचताना मात्र एकूण वाढीपाशी न थांबता जातवार रकाना पाहिला पाहिजे. संगमनेरी किती उरल्या, त्यांतील पैदाशीचे बोकड किती, आणि ते किती गावांत विखुरलेले आहेत, या तीन प्रश्नांची उत्तरे पशुसंवर्धन खात्याने दरवर्षी जाहीर करावीत. ही उत्तरे देण्याची पाळी आली म्हणजे बोकड कत्तलखान्याच्या वाटेवर जाण्यापूर्वी त्याच्या आईचे दूध मोजण्याची निकड खात्यालाही वाटू लागेल.